शाळेच्या चित्रदालनाची ऑनलाइन सफर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळीसगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी चित्रकला शिकवतो. आठवी-नववीच्या मुलांना घेऊन आम्ही एक रिकामा वर्ग आणि त्यापुढचा व्हरांडा यांत चित्रांचं दालन मांडलं आणि त्याची मोबाईलवर बघता येईल अशी सफर तयार केली. तेव्हापासून आसपासचे कलाशिक्षक, काही पालक आणि आमच्याच स्टाफरूममधले गणिताचे सर आलटून पालटून तेच प्रश्न विचारतात. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं.

व्हर्च्युअल टूर म्हणजे नक्की काय? मोबाईलवर व्हिडिओ काढला तर नाही का चालत?

चालतो, पण ते वेगळं काम झालं. व्हिडिओत काढणारा चालतो आणि बघणारा त्याच्या मागून फरफटत जातो. सफरीत बघणारा स्वतः थांबतो, मान वळवतो, मागे येतो. दालनातल्या ठरावीक जागांवरून (त्यांना आम्ही थांबे म्हणतो) चहूबाजूंचा एकेक फोटो काढायचा आणि त्या फोटोंवर गोल खुणा ठेवायच्या, एवढंच तिचं तंत्र. एका खुणेवर बोट ठेवलं की पुढच्या जागी जाता येतं, दुसरीवर ठेवलं की चित्र मोठं होऊन उघडतं. या खुणांना हॉटस्पॉट म्हणतात. आमची मुलं ‘टिकली’ म्हणतात, आणि आता मीही तेच म्हणतो.

आमच्याकडे ३६० अंशांचा कॅमेरा नाही. मग विषयच संपला का?

आमच्याकडेही नव्हता. नवा, बरा कॅमेरा घ्यायचा तर तीसेक हजारांच्या पुढे जातो आणि शाळेच्या खर्चात तो कोणी मंजूर करत नाही. पण लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे हल्ली असा कॅमेरा असतो. अर्ध्या दिवसासाठी मागून पाहा. चाळीसेक मुलं समोर उभी राहून मागत असली की नाही म्हणणं अवघड जातं.

तोही मिळाला नाही तर दोन वाटा आहेत. पहिली अगदी साधी: प्रत्येक भिंतीचा सरळ फोटो काढा, गूगल स्लाइड्समध्ये एका पानावर एक फोटो ठेवा आणि बाणांना पानांच्या लिंक द्या. मान वळवता येत नाही, पण क्रम, टिकल्या, मजकूर आणि आवाज हे सगळं जमतं. पहिल्या वर्षी मी हेच करायला सांगेन. दुसरी वाट म्हणजे साध्या मोबाईलने गोल फिरत वीस-तीस फोटो काढायचे आणि हगिन नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ते जोडायचे. शेजारच्या दोन फोटोंत किमान पाव ते एकतृतीयांश भाग सारखा यायला हवा, नाहीतर जोडणाऱ्याला सांधा सापडत नाही. काही मोबाईलच्या कॅमेऱ्यात ‘फोटो स्फिअर’ असा पर्याय असतो. असेल तर निम्मं काम हलकं झालं.

तिसरीही एक वाट आहे. आर्टस्टेप्ससारख्या सेवेत संगणकावरच खोटं दालन उभारायचं आणि भिंतींवर चित्रं लावायची. मुलांना हे फार आवडतं. मला नाही आवडत. संगमरवरी चकचकीत फरशीवर आमच्या मुलांची चित्रं पाहुण्यासारखी अंग चोरून उभी राहतात, शिवाय स्वस्त मोबाईलवर ते दालन उघडता उघडत नाही.

आम्ही फोटो जोडले, पण खिडकी मोडल्यासारखी दिसते आणि फळ्याची कड दोनदा येते. काय चुकलं?

तुम्ही स्वतःभोवती फिरलात. फिरायला हवी होती लेन्स. माणूस मोबाईल हातात धरून गोल फिरतो तेव्हा लेन्स एक-दीड फुटाच्या वर्तुळावर सरकत राहते. त्यामुळे जवळच्या वस्तू दूरच्या वस्तूंच्या मानाने जागा बदलतात आणि जोडताना सांधा बसत नाही. एक डोळा मिटून बोट समोर धरा, मग दुसरा मिटा. बोट उडी मारतं, तीच ही गडबड.

यावर उपाय गवंड्याकडे आहे. त्याचा ओळंबा मागून आणा. मोबाईलला लेन्सच्या बरोबर खाली दोरा बांधा, फरशीवर खडूने फुली करा आणि प्रत्येक फोटोच्या वेळी ओळंब्याचं टोक फुलीवरच ठेवा. आमच्यात एका मुलाचे वडील गवंडी आहेत. त्या दिवशी वर्गात सगळ्यात भाव त्यालाच होता.

तयार फोटोची लांबी उंचीच्या बरोबर दुप्पट असते. गोलाचा सपाट नकाशा करताना ध्रुवांकडचा भाग ताणला जातो, तसंच इथे छत आणि फरशी ताणलेली दिसते. घाबरू नका, सफरीत ते सरळ होतं. कॅमेरा तिवईवर (ट्रायपॉडवर) ठेवला असेल तर खाली तिचे पाय दिसतात. आमच्या मुलींनी त्यावर रांगोळीच्या वर्तुळाचा फोटो चिकटवला.

थांबे किती ठेवायचे आणि ते कोणी ठरवायचे?

माझ्या मते सगळा प्रकल्प याच प्रश्नात आहे, आणि याविषयी विचारतं मात्र क्वचितच कोणी. सगळे कॅमेऱ्याचंच विचारतात.

मी आधी कागदावर चौदा थांबे काढले होते. खोलीचा आराखडा, समान अंतरं, सगळं नीटनेटकं. मुलांना खडू देऊन फरशीवर चौदा गोल काढायला लावले आणि म्हटलं, प्रत्येक गोलात उभं राहा, डोळे मिटा, उघडा आणि सगळ्यात आधी काय दिसलं ते वहीत लिहा. दोन गोलांतून सगळ्यांना आधी पाण्याची टाकी दिसली. एका गोलातून खिडकीबाहेरची सायकल. तीन गोल एकमेकांच्या इतके जवळ होते की नवीन काहीच दिसत नव्हतं. कापत कापत सहा राहिले, आणि त्या सहांवरही एक तास भांडण झालं.

दारातून आत आल्यावर पहिलं चित्र कोणतं, यावर मी हरलो. मला ज्या मुलाला एलिमेंटरी या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेत अ श्रेणी मिळाली त्याचं स्थिरचित्र समोर हवं होतं. मुलांनी तिथे लावलं बाजेवर बिबडे (ज्वारीचे पापड) वाळत घालणाऱ्या आजीचं चित्र. त्यात आजीचे हात खांद्यापेक्षा मोठे आहेत, प्रमाण साफ चुकलंय. पण दारात उभं राहिलं की आजी थेट तुमच्याकडे बघते आणि स्थिरचित्रातली सुरई कोणाकडेच बघत नाही, असं आठवीतल्या एका मुलीने मला सांगितलं. यावर काय बोलणार?

थोडक्यात, थांबे मुलांनी ठरवायचे, आणि दालनात प्रत्यक्ष उभं राहून. एका खोलीला चार ते सहा पुरेत.

कॅमेरा आणि चित्रं किती उंचीवर?

मोठ्या दालनांत चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण १४५ ते १५५ सेंमीवर ठेवतात, कारण प्रौढ माणसाची नजर तिथे असते. आम्ही १२५ वर आणला. कॅमेराही त्याच उंचीला. सफर बघताना पालकांना आपण बुटके झाल्यासारखं वाटतं, अशी तक्रार आली होती. वाटू द्या.

काचेच्या फ्रेममधल्या चित्राचा फोटो काढताना मीच त्यात दिसतो.

सगळेच दिसतात. प्रत्येक चित्राचा एक वेगळा, सरळ फोटो लागतोच, कारण टिकलीवर बोट ठेवल्यावर तोच उघडतो. शक्य असेल तर फ्रेममध्ये घालायच्या आधीच तो काढून घ्या. ते जमलं नसेल तर कॅमेऱ्यामागे काळं कापड धरा आणि कापडाला लेन्सपुरतं भोक ठेवा. आम्ही मेंढपाळाची काळी घोंगडी वापरली. धरणारी दोन पोरं दिवसभर शिंकत होती, पण काचेत काही उमटलं नाही. फ्लॅश बंद. मोबाईल चित्राला समांतर, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. उजेड दोन्ही बाजूंनी तिरका, साधारण ४५ अंशांतून यावा. दिवे नसतील तर उत्तरेकडच्या व्हरांड्यात सकाळी नऊच्या आत काम उरका. कडेला एक कोरा पांढरा कागद ठेवला की नंतर रंग जुळवायला आधार मिळतो. ट्यूबलाइटखाली काढलेल्या चित्रातली केळीची बाग निळी झाली, हे आमच्याकडे घडलं आहे.

एप्रिलमध्ये परीक्षा संपल्यावर करावं म्हणतो.

नका करू. ४३-४४ अंशांत पत्र्याच्या वर्गात मोबाईल तापून कॅमेरा आपोआप बंद पडतो. मुलांचं तर बोलायलाच नको. ग्रेड परीक्षा आणि दिवाळी झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत घ्या.

चित्राखाली काय लिहायचं?

नाव, इयत्ता, माध्यम, आकार सेंटीमीटरमध्ये आणि वर्ष. आकार विसरू नका. पडद्यावर सगळी चित्रं एकाच मापाची दिसतात. पोस्टकार्डावरचं चित्र आणि दोन ड्रॉइंगशीट जोडून केलेलं चित्र यांतला फरक फक्त त्या आकड्यात उरतो.

त्याखाली दोन ओळी, आणि त्या चित्र काढणाऱ्याने लिहायच्या नाहीत. दुसऱ्या मुलाने चित्रासमोर पाच मिनिटं बसून लिहायच्या. ‘सुंदर’, ‘मनमोहक’ आणि ‘निसर्गरम्य’ या शब्दांवर आमच्याकडे बंदी होती. पहिल्या दिवशी मुलांकडे शब्दच उरले नाहीत. दुसऱ्या दिवशी एकाने लिहिलं: ‘विहिरीत पाणी दिसत नाही, पण दोर ओला आहे.’ चित्र काढणाऱ्या मुलाला हे माहीतच नव्हतं. दोराला गडद तपकिरी त्याने सहज दिला होता.

आवाज अहिराणीत चालेल का? आमच्या मुख्याध्यापकांना ते बरं वाटत नाही.

लिहिलेला मजकूर प्रमाण मराठीत आणि आवाज मुलाला येईल त्या बोलीत, अशी आम्ही तोड काढली. ‘हाई मनी आजी शे. ती बिबडा करस’ हे पोर जसं बोलतं तसं ते वाचून दाखवताना बोलत नाही. रावेर-यावलकडच्या शाळांनी लेवा बोलीत करावं, नंदुरबारकडे भिली-पावरीत. बहिणाबाईंच्या ओव्या प्रमाण मराठीत करून मग पाठ्यपुस्तकात घातल्या नाहीत, एवढं मुख्याध्यापकांना नम्रपणे सांगून पाहा.

प्रत्येक ध्वनिफीत वीस ते तीस सेकंदांची, त्याहून लांब नको. वर्गात आवाज घुमतो. त्यावर उपाय घरीच आहे: डिसेंबरात ज्याच्या घरात कापूस भरून ठेवलेला असतो त्या खोलीत बसून रेकॉर्डिंग करा. कापूस घुमारा पिऊन टाकतो. शहरातला स्टुडिओवाला त्यासाठी भिंतींना फोम लावतो.

मराठी मजकूर टाकला की चौकोन किंवा भलतीच अक्षरं येतात.

तो जुन्या फॉन्टमध्ये टाईप झालेला आहे. डीटीपीवाल्याकडून आणलेला मजकूर बहुधा असाच असतो. युनिकोडमध्ये पुन्हा टाईप करा किंवा मोबाईलवर बोलून टाईप करा आणि जोडाक्षरं तपासा.

सफर जोडायची कशात?

मार्झिपानो टूल मोफत आहे आणि ब्राउझरमध्येच चालतं. फोटो टाका, टिकल्या ठेवा, शेवटी झिप उतरवून घ्या. मधेच पान बंद केलं तर काम जातं, म्हणून एका बैठकीत संपवा किंवा लाईट जाण्याची वेळ आधी बघून घ्या. थोडं कोड लिहिणारा कोणी असेल तर पॅनेलम जास्त मोकळं आहे. दोन्हींत एक गोष्ट गोंधळात टाकते: उतरवलेल्या फाइलवर दोनदा क्लिक केलं तर पडदा काळा दिसू शकतो. ते बिघडलेलं नसतं. सुरक्षेसाठी ब्राउझर संगणकावरचे फोटो तसे उघडू देत नाही. सर्व्हरवर चढवलं की दिसतं.

गावात नेट रांगतं. कोण बघणार?

म्हणून वजन मोजा. चहूबाजूंचा फोटो ४०९६ बाय २०४८ पिक्सेलला आणून दीड एमबीच्या आत ठेवला, तर सहा थांब्यांचे नऊ एमबी होतात. प्रत्येक चित्राची लांब बाजू १६०० पिक्सेल ठेवली की ते तीन-चारशे केबीत बसतं, आणि ते टिकलीवर बोट ठेवल्यावरच उतरतं. मूळ मोठे फोटो वेगळे जपून ठेवा, त्यांना हात लावू नका.

शाळेचं सोडा. चाळीसगावच्या केकी मूस यांच्या घराची किंवा अजिंठ्याची सफर मुलांना करता येईल का?

बघायला जरूर न्या. केकी मूस (१९१२–१९८९) चाळीसगावात राहिले, कित्येक दशकं घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत, आणि टेबलावर बारीकसारीक वस्तू मांडून त्यांनी अशी छायाचित्रं काढली की बघणाऱ्याला दूरचा देखावा वाटावा. त्यांचं घर आता संग्रहालय आहे. एका खोलीत बसून दुसऱ्याला लांब कसं न्यायचं, हे या कामाआधी मुलांनी तिथे पाहिलं तर माझी चार व्याख्यानं वाचतात. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळाचं संग्रहालय आहे. मंडळ १९२७ चं, म्हणजे इतिहासाचार्य राजवाडे गेले त्याच्या पुढच्याच वर्षीचं.

पण तिथली सफर करायची तर आधी लेखी परवानगी. बघायला परवानगी, फोटो काढायला परवानगी आणि नेटवर टाकायला परवानगी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पत्रात तिन्ही स्पष्ट लिहा. अजिंठ्यात फ्लॅश चालत नाही आणि पुरातत्त्व खात्याच्या स्मारकात तिवई लावायची तर वेगळी परवानगी लागते. तिथे मुलांनी रेखाटनं करावीत, आणि सफर त्या रेखाटनांची करावी.

हक्काचं काय? चित्र विकत घेतलं म्हणजे नेटवर टाकता येतं ना?

नाही. चित्र तुमच्या भिंतीवर आलं तरी त्याचा कॉपीराइट आपोआप तुमच्याकडे येत नाही. भारतीय कायद्याने तो चित्रकाराच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं राहतो. राजा रविवर्मा १९०६ मध्ये गेले, ती चित्रं मोकळी आहेत. मूस यांची चित्रं त्या हिशेबाने २०४९ संपेपर्यंत नाहीत. आणि मुलाने काढलेल्या चित्राचा हक्क मुलाचा असतो, शाळेचा नाही. हे मुलांना सांगितलं तेव्हा एकाने मला विचारलं, ‘मग सर, मागच्या वर्षीचं माझं चित्र ऑफिसात का लावलंय?’ ते आता परत केलं आहे.

माझ्या मुलीचं नाव आणि फोटो नेटवर येणार का?

फोटो नाही. ३६० अंशांत काढणाराही दिसतो, म्हणून टायमर लावून आम्ही सगळे दाराआड लपायचो. खोलीत एकही माणूस नाही. नाव द्यायचं तर फक्त पहिलं नाव आणि इयत्ता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण मूल धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. संमतीपत्र मराठीत, एका पानाचं, आणि ‘नको’ म्हणायला जागा असलेलं करा. आमच्याकडे तीन पालकांनी नको म्हटलं. त्या मुलांची चित्रं दालनात होती, सफरीत नाहीत.

एकदा नेटवर टाकलं की कायम राहतं ना?

मुळीच नाही. गूगलच्या टूर क्रिएटर आणि एक्स्पिडिशन्स या सफरींच्या सेवा मुख्यतः शाळांसाठी होत्या. दोन्ही जून २०२१ मध्ये बंद झाल्या. स्ट्रीट व्ह्यूचं स्वतंत्र ॲप मार्च २०२३ मध्ये गेलं. सेवा बंद पडू शकते असं धरूनच चाला. आपले फोटो, मजकूर आणि आवाज आपल्याकडे साध्या फाइलमध्ये असायला हवेत.

भुसावळला रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे. १८४४ पासून त्याने वर्षानुवर्षं अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या मोठाल्या नकला केल्या आणि त्या लंडनला पाठवल्या, म्हणजे तिथल्या लोकांना इथली लेणी बसल्या जागी दिसावीत. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या प्रदर्शनगृहाला आग लागली आणि तिथे मांडलेल्या बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत उतरले. १८७२ पासून १८८५ पर्यंत त्यांनी पुन्हा नकला केल्या आणि त्याही लंडनला गेल्या. १८८५ मध्ये तिथल्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आग लागली आणि त्यांतल्याही कितीतरी गेल्या. विद्यार्थ्यांचं काम, दोन पिढ्यांची मेहनत, दोन्ही वेळा एकाच छपराखाली ठेवलेली. तुमची सफर तीन ठिकाणी ठेवा: शाळेचा संगणक, एक पेनड्राइव्ह शाळेबाहेर कोणाच्या तरी घरी, आणि एक नेटवर. गिटहब पेजेसवर १ जीबीपर्यंतचं संकेतस्थळ मोफत राहतं. आपली बारीक केलेली सफर त्यात आरामात मावेल.

व्हीआरचा चष्मा लागतो का?

नाही. मिळाला तर मजा आहे, पण चाळीस मुलांत एक चष्मा म्हणजे चाळीस भांडणं. याच गिलची दोन डोळ्यांनी बघायची, दृश्यातलं जवळ-लांब दाखवणारी शंभर स्टिरिओ छायाचित्रं १८६४ मध्ये छापली गेली होती, त्यामुळे चष्म्याचं नवल मुलांना फार वेळ टिकत नाही.

दृष्टिहीन मुलांसाठी काय?

वीस सेकंदांचा आवाज आहेच. शिवाय प्रत्येक फोटोला एका वाक्याचं वर्णन जोडा, ते वाचक-सॉफ्टवेअर बोलून दाखवतं.

वेळ किती लागतो? याचे गुण कुठे धरायचे?

आठवड्याला दोन तास धरले तर सहा-सात आठवडे, आणि त्यातले कॅमेऱ्याचे फक्त दोन दिवस. गुणांचं मुख्याध्यापकांना विचारा. मी मजकुराला जास्त आणि तंत्राला कमी दिले, त्यावरून संगणकवाल्या मुलांनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

किती लोकांनी पाहिलं? (गणिताचे सर)

मोजणी लावलीच नव्हती, सर. एवढं कळलं की एका मुलाचा काका सुरतेला कामाला आहे, त्याने रात्री सफर उघडली आणि सकाळी गावात फोन करून विचारलं, विहिरीचं ते चित्र कोणी काढलं, ती विहीर तर आपली आहे. मुलाने काढली होती शेजाऱ्यांची. वाद अजून मिटलेला नाही.